साक्षीदार टिकत नाहीत

अण्णांच्या मृत्युपत्राचा पहिला साक्षीदार 2009 साली गेला. दुसरा 2014 साली. मग अण्णांनी नव्याने मृत्युपत्र केलं. त्या खेपेचा एक साक्षीदार मुलाकडे कॅलिफोर्नियाला कायमचा गेला आणि दुसरा त्याहूनही लांब. अण्णा मात्र एकोणनव्वदाव्या वर्षी पहाटे साडेपाचला उठतात, स्वतःच्या हाताने दूध तापवतात, ते उतू जाऊ देत नाहीत, आणि पेपर आला की आधी श्रद्धांजलीचं पान उघडतात. "कोण गेलं बघतोय," असं बाकीचे म्हातारे म्हणतात. अण्णा म्हणतात, "माझं मृत्युपत्र अजून चालू आहे का, ते बघतोय."

वकीलसाहेबांनी त्यांना दोनदा समजावलं की साक्षीदार वारला म्हणून मृत्युपत्र वारत नाही. त्याची सही ओळखणारं कोणी कोर्टात उभं राहिलं तरी भागतं. अण्णांना हे पटत नाही. ते मध्य रेल्वेत हिशेब तपासायला होते. सही करणारा समोर नाही, तर पावतीही नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या 63व्या कलमात किमान दोन साक्षीदार सांगितलेत ना, मग दोन म्हणजे दोन, आणि दोन्ही श्वास घेणारे. हा कायदा अण्णांपेक्षा अकरा वर्षांनी मोठा. दोघेही अजून अमलात आहेत.

तर सध्या आमच्या घरात साक्षीदारांची भरती चालू आहे.

मुळात हा विषय घरात काढायचा कधी, इथूनच अडचण. सकाळी काढावा तर आई म्हणते, "देवपूजा तरी होऊ दे." संध्याकाळी काढावा तर दिवेलागण, त्या वेळी वास्तुपुरुष 'तथास्तु' म्हणत घरभर हिंडत असतो, त्यामुळे 'मृत्यु'ने सुरू होणारं कुठलंही पत्र उच्चारायचं नाही. जेवताना नाही. झोपताना तर नाहीच. सणावाराला सगळे जमतात तेव्हा काढावा, तर "आज सणाचं कशाला?" आणि सण नसतो तेव्हा कोणी जमत नाही. अण्णांनी एकदा 'इच्छापत्र' हा शब्द वापरून पाहिला. आई म्हणाली, "इच्छा तोंडाने सांगा की. आहे अळू घरात."

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो, नोंदणीही सक्तीची नाही, हे कळलं त्या दिवशी अण्णांचा या देशाच्या कायद्यावरचा विश्वास दुणावला. 'साधा कागद' म्हणजे अण्णांच्या मते एका बाजूने कोरा. पहिला मसुदा त्यांनी माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांच्या पाठीवर लिहिला. माळ्यावर शंभरेक शिल्लक होत्या. त्यामुळे एका बाजूला 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आणि दुसऱ्या बाजूला 'मी खाली सही करणार, पूर्ण शुद्धीवर असून'. वकीलसाहेबांनी तो गठ्ठा उलटसुलट करून पाहिला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "कायदेशीर आहे. पण मुलीकडच्या मंडळींची नावं खोडा."

मजकूर तर विचारूच नका. डोंबिवलीच्या राहत्या जागेबद्दल, जिच्यावर आमच्या तिन्ही भावंडांची नजर आहे असं सगळ्या बिल्डिंगला वाटतं, दीड ओळ. पोस्टातल्या ठेवींबद्दल दोन ओळी. मग एचएमटीचं घड्याळ ('रोज चावी दिल्यास चालू स्थितीत'), शिवणाचं मशीन, एक ट्रंक, आणि मग घंगाळ. घंगाळाला पाऊण पान. तांब्याचं, आजीच्या वेळचं, दोन कड्यांचं, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला निघायचं. त्यातलं सातवं कलम मला पाठ आहे: 'सदर घंगाळास एका अंगास असलेला पोचा थोरल्या चिरंजीवांनी सन 1974 मध्ये पाडलेला आहे, ही गोष्ट वाटणीच्या वेळी लक्षात घ्यावी.'

थोरला चिरंजीव मी.

घंगाळ आम्हा तिघांनाही हवं आहे. माझ्याकडे ते ठेवायला जागा नाही, नाशिकच्या बहिणीकडे त्याला घासायला चिंच आणि वेळ नाही, आणि न्यूजर्सीतल्या धाकट्याला ते विमानाच्या सामानात बसवता येणार नाही. पण जागेवरून आम्ही कधी चढ्या आवाजात बोललेलो नाही. घंगाळावरून 2017 ची भाऊबीज अबोल्यात गेली. बँकेच्या नोकरीत मी हे शेकडो घरांत पाहिलं. लाखांच्या ठेवी मुकाट वाटून घेणारी माणसं पुरणयंत्राशी येऊन थांबतात.

हो, मी बँकेत होतो. पस्तीस वर्षं. दिवसाला दहा जणांवर तरी मी "नॉमिनी लावा हो, नॉमिनी लावा" म्हणून खेकसलो असेन. निवृत्त झाल्यावर एका रविवारी हिने माझंच पासबुक उघडलं. नामांकनाच्या रकान्यात 'नाही'. ती चष्मा काढून म्हणाली, "अहो, पस्तीस वर्षं तिथे नक्की करत काय होतात?"

बरं, नॉमिनी लावला म्हणजे गंगेत घोडं न्हालं अशी जी समजूत आहे, तिने जेवढी भावकी तोडली तेवढी बांधावरच्या भांडणांनीही तोडली नसेल. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी म्हणजे पोस्टमन. मनीऑर्डर त्याच्या हातात येते, म्हणून ती त्याची होत नाही. वारसदारांच्या दारात नेऊन द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या एका खटल्यात हे 6 डिसेंबर 1983 रोजी सांगितलं. पण त्याच वर्षी जूनमध्ये कपिलदेवने कप आणल्यामुळे वर्षाखेरीच्या बातम्या कोणी वाचल्या नसाव्यात. पुढे 2015 साली विम्यापुरता कायदा बदलला, आणि आईवडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच असं ठरलं. शेअर्सच्या बाबतीत मात्र डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं: पोस्टमन तो पोस्टमनच. सोसायटीतही नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घेतात. म्हणजे त्याने मीटिंगला यायचं, चहा घ्यायचा, पण जागा आपली समजायची नाही.

त्यात 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारी घालून. ही सोय ज्यांनी केली त्यांनी चार माणसांचं कुटुंब जवळून पाहिलेलं नसावं. पूर्वी एकच नाव लावायचं असल्याने बाप म्हणू शकायचा, "फॉर्ममध्ये जागाच एवढी होती." आता ती ढाल गेली. अण्णांनी फॉर्म आणवला, चार रकाने पाहिले आणि चौथ्यात काय लिहायचं याचा आठवडाभर विचार केला. रिकामा रकाना त्यांना बघवत नाही. शेवटी आम्ही तिघं आणि आई मिळून पंचवीस-पंचवीस टक्के. आई म्हणाली, "म्हणजे पन्नास वर्षांच्या पोळ्या आणि न्यूजर्सीचा फोन यांचा भाव एकच धरलात." अण्णांनी फॉर्म फाडला. पाठकोरा होता, तेवढं एक वाईट वाटलं.

खातं मुळात जोडीचं आहे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. आमच्या शाखेत एका मुलाने एकदा एका आजोबांना याचा अर्थ सांगितला, "दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो." आजोबा अर्धवट वळून आजींकडे बघू लागले. आजी फॉर्मकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "कुठे सही करायची?" त्या बाईंचा आत्मविश्वास मी अजून विसरलेलो नाही.

आता कोणी म्हणेल, एवढा घोळ कशाला? जिवंतपणीच बक्षीसपत्र करून मोकळं व्हावं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, वर स्थानिक अधिभार असेल तो. एवढ्या पैशांत हल्ली दोन माणसांची मिसळही होत नाही. तरी मराठी बाप हे करत नाही. याला कारण शिरवाडकर. त्यांनी 1970 साली 'नटसम्राट' लिहिलं आणि मराठी मुलुखातल्या बक्षीसपत्रांचा व्यवसाय बसला तो बसलाच. अण्णांनी डॉ. लागूंचा प्रयोग दादरला शिवाजी मंदिरात पाहिला. घरी आले, काही न बोलता कपाटाची किल्ली जानव्याला बांधली. मी तेव्हा मराठी तिसरीत होतो. माझ्याकडून त्यांना कसला धोका वाटला, देव जाणे. धाकटा अमेरिकेला गेल्यापासून तर दळवींचं 'संध्याछाया' कुठल्या चॅनेलवर लागलं की आई टीव्ही बंद करते आणि अण्णा त्याला फोन लावतात. तिकडे रात्रीचे तीन वाजलेले असतात. "काही नाही, सहज," म्हणतात.

शिरवाडकरांच्या नायकाला जे मिळालं नाही ते 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने दिलं. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर 23व्या कलमाखाली ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. फक्त ती अट कागदावर हवी. इथे घोडं अडतं. 'पोटच्या पोराला अट कशी घालायची?' असं आपल्याकडचा बाप म्हणतो. तोच बाप भाडेकरूला भिंतीला खिळा न मारण्याची अट घालतो. त्याच कायद्याने मुलांकडून महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये निर्वाहाला मागता येतात. यावर अण्णांचं मत आहे, पण ते घरात पेशंट सांभाळायला ब्यूरोची बाई आल्यानंतर बनलं, म्हणून तिथेच सांगतो.

त्याआधी कोकण उरकून घेऊ. गुहागरच्या बाजूला आमचं वडिलोपार्जित घर, म्हणजे तीन भिंती आणि एक फणस, आहे. सातबारावर 27 नावं. त्यातली 11 माणसं हयात नाहीत, दोघांचा पत्ता नाही, आणि एक नाव तलाठ्याच्या अक्षरामुळे आमचं आहे की शेजाऱ्याचं ते कळत नाही. बहिणीचं लग्न 1993 सालचं. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारा महाराष्ट्राचा कायदा जून 1994 चा, आणि तो आधी लग्न झालेल्यांना लागू नव्हता. एका वर्षाने हुकलेला तो फणस तिने अकरा वर्षं मनात ठेवला. मग 2005 ला केंद्राचा कायदा आला, त्यात ती लग्नाची अट नव्हती. त्या दिवाळीला ती पेढे घेऊन आली होती. तिच्या वाट्याला वर्षाला साधारण नऊ गरे येतात.

आई पडली ती गेल्या श्रावणात. न्हाणीघरात नाही, जिन्यात नाही. देवघरासमोर, बसल्या पाटावरून उठताना. खुब्याचं हाड. आमची बिल्डिंग 1981 ची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 'रीडेव्हलपमेंट होणार आहे' या वाक्याचं लिफ्टच्या जागी गेली अकरा वर्षं काम चालू आहे. रुग्णवाहिका खाली आली, तिचं स्ट्रेचर आमच्या जिन्याच्या वळणावर वळेना. मग शेजाऱ्यांची पांढरी प्लास्टिकची खुर्ची आली. पहिल्या मजल्यावरचा जिमला जाणारा मुलगा, खालचा इस्त्रीवाला, मी, आणि ज्यांच्याशी पार्किंगवरून आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं ते सेक्रेटरी. आईला खुर्चीला दोन ओढण्यांनी बांधलं. दुसऱ्या मजल्यावर ती कण्हणं थांबवून म्हणाली, "पालखी निघाली की रे माझी," आणि सेक्रेटरींना हसू फुटल्यामुळे खुर्ची कलली. त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सुरू आहे.

हाड बसवून चार दिवसांनी ती घरी आली, आणि मृत्युपत्राच्या कुठल्याही कलमात नसलेले प्रश्न दारात उभे राहिले. रात्री दोनला उठवायचं कोणी? भाड्याचा पलंग डावीकडे लावला तर बाथरूमचं दार उघडतं. उजवीकडे लावला तर खिडकीतून उजेड येतो. लावायचा कुठे? कमोडची खुर्ची धुणार कोण? व्हिडिओ कॉलवर सभा भरली. जागेच्या कागदपत्रांवर आम्ही पंचवीस मिनिटं फार समंजसपणे बोललो. रात्रीचा विषय निघाल्यावर न्यूजर्सीचं नेटवर्क गेलं.

प्रत्येक घरात तीन अपत्यं असतात, मग ती मोजायला कितीही असोत. एक 'मी पैसे पाठवतो'. एक 'मी येऊन-जाऊन असते'. आणि एक 'मी आहेच'. पहिल्याची रक्कम सगळ्यांना ठाऊक असते. दुसरीच्या खेपा मोजलेल्या असतात. ती येते तेव्हा डबा आणते, आईचे केस विंचरते, आणि जाताना "आईची तब्येत उतरलेली वाटते" असं दारात उभं राहून म्हणते. तिसऱ्याचा हिशेब कुठेच नसतो, कारण तो आहेच. 'आहेच' मी आहे. पण खरं सांगायचं तर माझ्या 'आहेच'मध्ये रात्री दोनला उठणारी ही असते. मी तोवर कुशीवर वळून "मी उठू का?" असं विचारलेलं असतं.

मग ब्यूरोला फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न, "बारा तासांची की चोवीस?" दुसरा, "पेशंटचं वजन किती?" लग्नाच्या बाजारात पूर्वी मुलीचं विचारायचे तसं. आलेल्या मावशी पंचेचाळिशीच्या, जळगावकडच्या. त्यांनी पहिल्या दिवशी घर पाहिलं, पलंग भिंतीपासून दीड हात पुढे ओढला, सगळ्या पायपुसण्या गोळा करून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "हे पाडतात माणसाला. टाका." आमच्या घरातला पन्नास वर्षांतला तो सर्वांत उपयुक्त कायदेशीर सल्ला. महिनाअखेरीला ब्यूरोचं बिल आलं. अण्णांनी ते तीनदा तपासलं, बेरीज बरोबर होती, आणि म्हणाले, "सरकारचे 10,000 म्हणजे यांची सुट्टी धरून दहा-बारा दिवस. उरलेले दिवस पोराने काय फक्त नमस्कार करायचा?"

धाकट्याने मधल्या काळात ज्येष्ठांच्या वसाहतींच्या लिंका पाठवायचा सपाटा लावला. पुण्याला 'अथश्री' नावाची आहे. ज्याने नाव ठेवलं त्याला दाद द्यायला हवी. लोक ज्या वळणावर 'इतिश्री' म्हणतात तिथे त्याने 'अथ' लावला. अण्णांनी नाव दोनदा वाचलं, व्याकरण बरोबर असल्याचं कबूल केलं, पण पुणं म्हटल्यावर विषय मिटला. डोंबिवलीकराला मरण चालेल, दुपारी एक ते चार बंद राहणं चालत नाही.

तरी कर्जतच्या बाजूच्या एका आश्रमात आम्ही त्यांना नेलं. नुसतं बघायला, असं सांगून. अण्णांनी तपासणीला गेल्यासारखी डायरी नेली होती. स्वयंपाकघर पाहिलं, संडासातल्या दांड्या हलवून पाहिल्या, नोटीस बोर्डावरचे दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. व्यवस्थापक फार सज्जन माणूस, चहा-बिस्किटं दिली. निघताना अण्णांनी विचारलं, "तुमचे वडील कुठे असतात?"

"गावाला. भावाकडे."

"म्हणजे भाऊ 'आहेच' आहे," अण्णा म्हणाले. हा शब्द मी घरात कधी उच्चारलेला नव्हता. म्हाताऱ्यांना किती ऐकू येतं याचा अंदाज आपण त्यांच्या मशीनवरून बांधतो, तिथे चुकतो.

परतीच्या गाडीत त्यांनी दुसरंच काढलं. 'नळ्या घालून ठेवू नका' असं आधीच लिहून ठेवता येतं, ते कुठेतरी त्यांनी वाचलं होतं. खरं आहे ते. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी त्याला मान्यता दिली. पण सही न्यायदंडाधिकाऱ्यासमोर करायची होती, त्यामुळे पाच वर्षं मरायची इच्छा असलेल्या माणसाला आधी कोर्टात तारीख घ्यावी लागे. जानेवारी 2023 पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. तो कागद सांभाळायला सरकारने माणूस नेमावा म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे महाराष्ट्रात जागोजाग त्यासाठी अधिकारी नेमले गेले. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "यालाही साक्षीदार लागतात का?"

लागतात. दोन.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला नळ्या नकोत, चहा द्या. एवढं सांगायला नोटरी कशाला? मावशींना माहीत आहे." मावशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान डोलावली. त्या खोलीत तेवढाच एक कागद पुरा झालेला होता, आणि तो लिहिलेला नव्हता.

या दिवाळीला आई वॉकर घेऊन चालायला लागली. बहीण आली, धाकटा पडद्यावर आला, आणि अण्णांनी चौथा मसुदा बाहेर काढला. या वयात डॉक्टरांचा दाखला जोडलेला बरा, असं वकीलसाहेबांनी सुचवलं होतं, म्हणून आमचे डॉक्टरही येऊन गेले. शुद्ध तपासायला त्यांनी विचारलं, "आजोबा, आज कोणता वार?" अण्णांनी वार, तिथी, नक्षत्र सांगितलं आणि चतुर्थी कुठे लोप पावते ते विचारलं. डॉक्टरांना आलं नाही. "प्रधानमंत्री कोण?" या प्रश्नावर अण्णा वीस मिनिटं बोलले. दाखला मिळाला. डॉक्टरांची शुद्ध तपासायला कोणी नव्हतं.

अण्णा वाचू लागले. जागा, दीड ओळ. ठेवी, दोन ओळी. घड्याळ. मशीन. ट्रंक. घंगाळाच्या परिच्छेदाशी आल्यावर आम्ही तिघंही सावरून बसलो. न्यूजर्सीत धाकट्याने आवाज वाढवलेला दिसला.

"थांबा," आई म्हणाली. "घंगाळ तुमचं कधीपासून?"

अण्णा चष्म्यावरून बघू लागले.

"सासूबाईंनी पहिल्या दिवाळीला माझ्या हातात दिलं. 'हे तुझं' म्हणाल्या. तुम्ही तेव्हा भुसावळला ड्यूटीवर होतात. सोळा वर्षं ऐकतेय मी हे वाचन, म्हटलं हौस आहे, वाचू दे."

वकीलसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, बरोबर आहे, जे आपलं नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही. बाईंना मिळालेली भेट बाईंची. अण्णा, ज्यांनी हयातभर दुसऱ्यांच्या हिशेबात मालकाच्या सहीशिवाय माल हलू दिला नाही, ते चार मसुदे आणि चार साक्षीदार खर्चून दुसऱ्याचं घंगाळ वाटत आले होते. त्यांनी पेन उघडलं आणि पाऊण पान, पोच्यासकट, एका तिरक्या रेघेने कापलं. 1974 पासूनचा माझ्यावरचा डाग अशा रीतीने गेला. मला मोकळं वाटायला हवं होतं. उगाच चुकल्यासारखं झालं.

"मग तू कोणाला देणार ते?" बहिणीने लगेच विचारलं.

"मी माझं वेगळं लिहिणार," आई म्हणाली. "साक्षीदाराला आतलं वाचायला लागत नाही ना?"

"नाही. सही करताना पाहिलं की झालं."

"मग तुम्हालाही लागत नाही," असं म्हणून तिने हिच्याकडे हात केला. "ती लग्नपत्रिका दे गं एक. कोरी बाजू वर करून."

कोणाच्या नावाने लिहिलंय ते आम्हाला अजून माहीत नाही. पत्रिका पोथीच्या कापडात आहे आणि पोथीला हात लावायचा तर आंघोळ करावी लागते. मावशींना माहीत असावं असा बहिणीला संशय आहे. मला हिचा संशय आहे, कारण त्या दिवसापासून माळ्यावरचं घंगाळ कोणीतरी उतरवून घासलंय.

पण सही दोघांचीही व्हायची आहे, आणि त्यासाठी माणसं हवीत. हिला, आम्हाला, मावशींना वकीलसाहेबांनी बाद केलं. ज्याला काही मिळण्याची शक्यता आहे त्याने साक्षीदार होऊ नये, उगाच उद्या कोर्टात शंका निघते. सेक्रेटरी तयार आहेत, पण अण्णांना ते एकाहत्तरीचे असल्याचं कळलंय. म्हणून काल संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या जिमवाल्या मुलाला वर बोलावलं होतं. वय सव्वीस. अण्णांनी त्याला समोर बसवलं, चकली दिली, डायरी उघडली.

"रात्री किती वाजता झोपतोस?"

"अकरा, साडेअकरा."

"मोटरसायकल चालवतोस?"

"हो."

"हेल्मेट?"

मुलगा गप्प. अण्णांनी डायरीत काहीतरी टिपलं.

"वडिलांना शुगर आहे का? आजोबा किती वर्षांचे होऊन गेले?"

"आजोबा आहेत. गावाला. ब्याण्णव."

अण्णांनी पेन खाली ठेवलं आणि हिला हाक मारली, "सूनबाई, याला अजून दोन चकल्या द्या."